कापगतेंचा कागद

नामदेव कापगतेंची गोष्ट मी इतकी वर्षं अर्धीच सांगत आलो आहे. भिलाईच्या जुन्या लोकांत बसलो आणि त्यांचा विषय निघाला, की मी बकरीचा किस्सा सांगायचो. लोक हसायचे, हसण्यात विषय संपायचा आणि पुढचं सांगावं लागायचं नाही. माझी पत्नी मालती समोर असली तर तो किस्साही टाळायचो. ती जाऊन चार वर्षं झाली. ज्या माणसापासून हे लपवायचं होतं तेच आता राहिलं नाही. माझीही ऐंशी उलटली. आता न सांगायला निमित्त उरलेलं नाही.

तर आधी बकरी.

आमच्या क्वार्टरांच्या बाजूला जनावरांचा एक सरकारी दवाखाना होता. दोन खोल्या, पुढे पत्र्याची शेड आणि गाय उभी करायची लोखंडी चौकट. कापगते तिथे सहायक होते. पदवीधर डॉक्टरची जागा वर्षानुवर्षं रिकामी असायची. लोक कापगतेंनाच डॉक्टर म्हणत. ते दर वेळी दुरुस्ती करत, "मी डाक्टर नाई. डाक्टर येनार हाये. तवरिक मी हाये." मूळचे ते साकोलीकडचे, धानाच्या शेतीतले. गावाकडची बोली त्यांनी भिलाईत येऊनही सोडली नव्हती, आणि हिंदी बोलत तीही साकोलीचीच वाटे.

एकदा प्लांटच्या, म्हणजे पोलाद कारखान्याच्या, एका मोठ्या अधिकाऱ्याची गाडी दवाखान्यासमोर थांबली. मागच्या सीटवर बाईसाहेब आणि त्यांचा अल्सेशियन. ड्रायव्हर रांग ओलांडून पुढे आला आणि साहेबांचा कुत्रा आला आहे असं त्याने जाहीर केलं. कापगतेंच्या पुढ्यात खुर्सीपार वस्तीतली एक म्हातारी फुगलेली बकरी घेऊन बसली होती. कापगतेंनी मान वर केली नाही. "नंबर बकरी का है," एवढंच म्हणाले. मग बाईसाहेब स्वतः उतरल्या. कापगतेंनी त्यांना स्टूल दिलं, धोतराच्या फडक्याने पुसून दिलं, आणि अतिशय नम्रपणे सांगितलं, की कुत्र्याला ताप आहे, तो तासभर थांबेल. बकरीचं पोट फुगलंय, ती दहा मिनिटंही थांबणार नाही. तुम्ही सांगाल त्याला आधी घेतो. बाईसाहेबांनी बकरीकडे पाहिलं आणि म्हणाल्या, बकरी घ्या. त्यानंतर तो अल्सेशियन कायम रांगेत उभा राहायचा. कापगते म्हणत, "सायबाचं कुत्रं सायबापेक्षा शानं निंगालं."

हा किस्सा खरा आहे. मी तिथे होतो. पुढचंही खरं आहे.

त्यांच्या रजिस्टरमध्ये पहिला रकाना जनावराच्या नावाचा होता. मालकाचं नाव नंतर. वरून आलेल्या छापील रजिस्टरात असा रकाना नव्हता. त्यांनी पट्टीने रेघ मारून तो केला होता. कुणी म्हणालं, शेळीला कशाचं नाव, तर ते तिथल्या तिथे नाव ठेवत आणि पुढच्या वेळी त्याच नावाने हाक मारत. खुर्सीपारच्या कितीतरी शेळ्या-म्हशींची बारशी त्या शेडमध्ये झाली. त्यांच्या स्टेथोस्कोपचं कानात घालायचं एक बोंड हरवलं होतं. तिथे त्यांनी सायकलच्या व्हॉल्व्हची रबरी नळी बसवली होती. छातीला लावायची चकती आधी ते आपल्या तळहातात धरून ऊन करत. मी एकदा घाईत होतो, म्हणून त्यांना तसं म्हणालो. ते म्हणाले, "थंड लोखंड लावलं तर कायजाचा ठोका भीतीचा येते साहेब, बिमारीचा नाई. मंग मी भीतीले दवा देऊ का?"

मी प्लांटच्या पंपहाउसमध्ये होतो. भट्ट्यांना आणि मिलांना थंड ठेवणारं पाणी आमच्याकडून जायचं. पंपहाउसमध्ये एका जादा मोटारीच्या खोक्यामागे मांजर व्यालं. त्यातलं राखाडी रंगाचं एक पिल्लू मागे राहिलं, ते मी डब्याच्या पिशवीतून घरी आणलं. मालतीने त्याचं नाव भुरी ठेवलं. आम्हाला मूलबाळ नव्हतं. मी शिफ्टला गेलो की मालती दिवसभर भुरीशी बोलायची. भाजी काय करू इथपासून नागपूरच्या भावाचं पत्र का आलं नाही इथपर्यंत. भोंगा वाजला की भुरी खिडकीत चढून बसायची. मला गल्लीच्या वळणावरून ती राखाडी पाठ दिसायची.

सात-आठ वर्षं असं चाललं. मग सन ऐंशीनंतरच्या एका हिवाळ्यात भुरी खिडकीत दिसेनाशी झाली. खिडकीखालच्या पेटीपर्यंत यायची, वर पाहायची आणि तिथेच बसायची. मालतीने कापगतेंना बोलावलं.

ते सायकलवर आले. जमिनीवर मांडी घालून बसले आणि दहा मिनिटं भुरीला हातही लावला नाही, नुसते पाहत राहिले. मालतीने चहा आणला तर म्हणाले, "पहिले भुरीले पानी ठेवा वैनी, मंग मले." भुरीने पाणी हुंगलं आणि तोंड फिरवलं. कापगतेंनी चहा तसाच ठेवला.

"मांजरीची जात लय लपवते," ते म्हणाले. "कुत्रं घर डोक्यावर घेते. गाय हंबरते. मांजर नुसती जागा बदलते. आपन म्हनतो, थंडी हाये म्हून पेटीजवळ बसून राहिली."

मग चकती ऊन करून त्यांनी ती भुरीच्या छातीला लावली. बराच वेळ ऐकलं. नंतर ती रबरी नळी माझ्या कानात दिली. मला काहीतरी लांबून, गोधडीखालून आल्यासारखं ऐकू आलं. मी तसं सांगितलं. "बराबर," ते म्हणाले. "कायीज हाये तिथंच हाये. मधात पानी असन." हृदय पाहायचं यंत्र तेव्हा माणसांसाठीही आमच्याकडे मुश्किलीने मिळे, मांजरासाठी कुठून येणार. त्यांनी लघवी जास्त होऊन पाणी उतरेल असं एक औषध दिलं.

मी त्यांना फाटकापर्यंत सोडायला गेलो. मालतीसमोर बोलायचं नव्हतं म्हणून ते तिथे बोलले. भुरी झोपेत असताना तिचा श्वास मोजा, घड्याळ लावून, मिनिटभर. रोज. "तीसच्या वर गेलं तर शिफ्ट-फिफ्ट पाहू नोका साहेब. उचला अन् आना."

म्हणजे तीस हा आकडा घरात फक्त मला ठाऊक होता.

मोजायचं काम मी घेतलं. आमच्याकडे प्रत्येक पंपाचं लॉगबुक असतं, तासातासाला दाब आणि तापमान लिहायचं. तसलंच एक जुनं लॉगबुक घरी होतं, त्यात मी रकाने पाडले. पहिल्या दिवशी अठ्ठावीस. दुसऱ्या दिवशी एकोणतीस. तिसऱ्या दिवशी चौतीस.

तिसऱ्याच दिवशी आमच्याकडे वर्षाचं मोठं शटडाउन सुरू झालं. सगळे पंप खोलून दुरुस्त करायचे, आणि त्या वर्षी पहिल्यांदा ती जबाबदारी माझ्या नावावर आली होती. मी सकाळी जायचो आणि दिवेलागणीला यायचो. आल्यावर श्वास मोजायचो, लिहायचो. छत्तीस. अडतीस. चव्वेचाळीस. मालती रोज विचारायची, ठीक आहे ना? मी म्हणायचो, नॉर्मल. मनात म्हणायचो, शटडाउन संपू दे. अकरा दिवस मी हे केलं. बाराव्या दिवशी भुरी तोंड उघडं टाकून श्वास घेऊ लागली, तेव्हा मालतीनेच टोपली काढली आणि स्कूटरवर मागे बसली.

कापगतेंनी भुरीला पाहिलं आणि मला विचारलं, "कवापासून?"

मी म्हणालो, कालपासून.

त्यांनी एकदा माझ्याकडे पाहिलं. छातीची एक बाजू भादरली, बारीक सुई घातली आणि हळूहळू पाणी काढलं. फिकट गुलाबी पाणी, स्टीलच्या वाटीत. अर्धी वाटी भरल्यावर भुरीने तोंड मिटलं. तासाभराने तिने पंजा चाटला. मालती कापगतेंच्या पाया पडायला वाकली तर ते दोन पावलं मागे सरले. पाणी का भरतं ते सापडलं नाही, हे पुन्हा भरेल, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं.

दोन दिवसांनी ते भरलं. आम्ही पुन्हा गेलो. त्यांनी पुन्हा सुई घातली, पाणी काढलं, सुई बाहेर घेतली. भुरीच्या कुशीवर त्यांचा हात तसाच होता. तिने मागचे पाय लांब केले आणि ती गेली. कापगतेंनी हात उचलला नाही. कितीतरी वेळ तो तिथेच होता.

मालती बाहेर जाऊन पायरीवर बसली. कापगते मला म्हणाले, "साहेब, मले आत पाहू द्या. मले समजलं नाई, काय होतं थे." मशीन बंद पडलं की खोलून पाहायचं, एवढंच माझ्या डोक्यात आलं. मी हातानेच हो म्हटलं. त्यांनी तिचं हृदय एका रुंद तोंडाच्या बरणीत ठेवलं आणि बाकीची भुरी नीट शिवून, पांढऱ्या फडक्यात बांधून आमच्या हवाली केली. क्वार्टरच्या मागे पेरूखाली आम्ही तिला पुरलं.

त्या संध्याकाळी मालतीने विचारलं, "आपल्याला उशीर तर नाही ना झाला?"

मी म्हणालो, "उशीर नाही. सुई चुकली."

हे माझ्या तोंडून इतक्या सहज कसं आलं, याचा मी पुष्कळ विचार केला आहे. प्लांटमध्ये काही बिघडलं की चौकशीचा पहिला प्रश्न एकच असायचा, शेवटचा हात कोणाचा? ज्याने मशीनला शेवटचा हात लावला त्याने जाब द्यायचा. मशीन आधीपासून कुरकुरत असेल, वरच्यांनी दुरुस्ती लांबवली असेल, ते नंतर, किंवा कधीच नाही. आम्ही सगळे त्या शिस्तीत मुरलेले होतो. शेजारी भेटायला आले तेव्हा मी घडलेलं सांगितलं आणि सगळ्यांनी तोच प्रश्न विचारला. उत्तर तयार होतं. कुणीतरी म्हणालं, तो डॉक्टर नाहीच मुळी, छातीत सुई घालायचा त्याला अधिकार काय? तक्रारीचा अर्ज मीच लिहिला. माझं अक्षर चांगलं होतं. खाली नऊ सह्या झाल्या. सोबत श्वासाची नोंद जोडली, पण फक्त शेवटचं पान. त्यात पहिल्यांदा पाणी काढल्यानंतरचे दोन दिवस होते. आधीचं पान मी लॉगबुकातून फाडून घेतलं.

वरच्या कार्यालयाने कापगतेंना आठवड्यात जाब द्यायला सांगितलं. त्यांनी काय लिहिलं ते मला माहीत नाही.

त्यानंतर दोन-तीन आठवड्यांनी, रविवारी सकाळी, ते माझ्या घरी आले. मालती पावर हाउस भागातल्या बाजारात गेली होती. ते आत आले नाहीत. सायकल स्टँडवर लावून त्यांनी खिशातून पाकीट काढलं. भुरीचं हृदय त्यांनी स्वखर्चाने, जनावरांच्या कॉलेजातल्या एका ओळखीच्या प्राध्यापकांकडे तपासायला पाठवलं होतं. त्यांचा अहवाल आला होता, इंग्रजीत, टाइप केलेला.

मी तिथेच उभ्याने वाचला. हृदयाच्या भिंतीत पांढरट, घट्ट गाठ होती. सूक्ष्मदर्शकाखाली तो कॅन्सर निघाला. मांजरांच्या हृदयात असा कॅन्सर क्वचितच होतो, पण होतो. त्यामुळे हृदय नीट आकसत नव्हतं, भरतही नव्हतं, आणि ते निकामी होत गेलं म्हणून छातीत पाणी साचत गेलं. हृदयावर सुईची खूण नाही. जे केलं ते योग्य होतं.

कापगते माझा चेहरा पाहत होते. मला समजलं नाही असं त्यांना वाटलं असावं. त्यांनी माझ्या भाषेत सांगितलं, "पंप गेला म्हून पानी भरलं, साहेब. पानी काहाडल्यानं पंप नाई गेला."

पंपहाउसच्या तळघरात पाणी साचलेलं दिसलं की पाणी उपसणाऱ्याला कुणी दोष देत नाही. पंप का थांबला ते पाहतो. हे मला एका सहायकाने सांगावं लागलं.

मग ते म्हणाले, "आठ-दहा दिवस आधी आनलं असतं तरी हेच होतं. तुमी मनाले लावून घेऊ नोका."

म्हणजे त्यांना ठाऊक होतं. कालपासून, हे मी खोटं बोललो ते त्यांना त्याच दिवशी कळलं होतं. जाबात त्यांनी ते लिहिलं नव्हतं, हेही मला त्याच क्षणी उमगलं, कारण लिहिलं असतं तर माझ्याकडे विचारणा झाली असती.

"हे तुमीच वर पाठवा," ते म्हणाले. "माह्या हातून गेलं तर म्हनतीन, यानंच कुठून लिहून आनलं. अर्ज तुमचा हाये, कागदही तुमच्याच हातानं जाऊ द्या. मंग काही राहत नाई."

मी म्हणालो, उद्याच पाठवतो.

त्यांनी नमस्कार केला आणि जाताना पेरूच्या झाडाकडे वळून पाहिलं.

मी तो कागद पाठवला नाही. सोमवारी मी पत्र लिहायला बसलो होतो. अर्ज मागे घेतो असं लिहिलं, की का घेतो ते लिहावं लागणार होतं. सह्या करणाऱ्या नऊ घरांना सांगावं लागणार होतं. त्यापैकी एकाने जरी मालतीला सांगितलं असतं, तर ती म्हणाली असती, मग तू सुई चुकली असं का म्हणालास? आणि पुढचा प्रश्न तिला लॉगबुकाकडे घेऊन गेला असता. अहवालाने आम्हा दोघांनाही सोडवलं होतं, कापगतेंना आणि मलाही. अकरा दिवसांनी काही बदललं नसतं. पण मी मालतीला अकरा दिवस रोज 'नॉर्मल' म्हणालो होतो, त्यातून मला कुठलाही प्राध्यापक सोडवू शकत नव्हता. मंगळवारी पाठवू म्हटलं. मग पुढच्या सोमवारी. शटडाउन संपेपर्यंत भुरीला थांबवलं होतं तसंच.

महिनाभराने कापगतेंची बदली झाली. बस्तरात, जगदलपूरच्याही पुढे. त्याबरोबर असाही हुकूम होता, की यांना उपचाराचं काम देऊ नये. त्यांची पत्नी आणि दोन मुली शाळेमुळे खुर्सीपारला भाड्याच्या खोलीत राहिल्या. दवाखान्यात नवा माणूस आला. त्याने छापील रजिस्टर छापल्याप्रमाणे वापरलं. जनावरांच्या नावांचा रकाना गेला.

मालती कधी त्या रस्त्याने गेली की मान वळवून घ्यायची. कापगतेंबद्दल तिच्या मनात राग होता, आणि तो मी दिला होता. ती मनाने फार निर्मळ बाई होती. आयुष्यात तिने एकाच माणसाचा राग धरला आणि तोही चुकीच्या माणसाचा. ती शेवटच्या आजारात असताना एकदा सांगायला तोंड उघडलं. तिने विचारलं, काय? मी म्हणालो, पाणी देऊ का?

ती गेल्यावर मी साकोलीला गेलो. विचारत विचारत कापगतेंच्या गावी पोहोचलो. पुतण्या भेटला. काका जाऊन पुष्कळ वर्षं झाली म्हणाला. मला बसायला खाट टाकली, चहा दिला. मी कोण ते विचारलं. मी सांगितलं, भिलाईचा, ओळखीचा. पाकीट खिशात होतं. ते तसंच परत आणलं.

पण कापगते मला त्याआधी एकदा भेटले होते. ते मी शेवटी ठेवलं आहे.

बदलीनंतर सहा-सात वर्षांनी असेल. पावर हाउसच्या रेल्वे स्टेशनवर मी मालतीच्या भावाला गाडीत बसवून देऊन परत निघालो होतो. बाकावर एक वाळलेला माणूस बसला होता, मांडीवर कापडी पिशवी. मी ओळखलं आणि पाय उचलला. त्यांनी हाक मारली, "साहेब."

वळावं लागलं. त्यांनी बाकावर सरकून जागा केली. बस्तरातल्या तापाने खाल्लं होतं त्यांना. मोठ्या मुलीचं लग्न ठरलं होतं, त्यासाठी आले होते आणि आता गावाकडे निघाले होते. काम काय म्हणून मी विचारलं. "रजिस्टर लिहितो," ते म्हणाले. "दवाईचा साठा. जनावर खिडकीतून दिसते." मग म्हणाले, "नावं ठेवून राहतो मनातल्या मनात."

मग त्यांनी मालतीची चौकशी केली. दुसरी मांजर पाळली का, म्हणाले. मी नाही म्हणालो. "पाळा. वैनीले बरं वाटन."

गाडी आली. मी त्यांची पिशवी उचलून दिली. ते खिडकीशी बसले. गाडी सुटायला मिनिटभर असेल. मी खिडकीचे गज धरून उभा होतो आणि सगळं तोंडाशी आलं होतं. तेवढ्यात तेच बोलले.

"थो कागद तुमी पाठवला होता ना साहेब? माही बायको म्हनते, त्यायनं पाठवलाच नसन. मी तिले सांगतो, साहेबानं पाठवला, वरतीच कोनी दाबला असन. साहेब तसे नाईत."

ते माझ्याकडे पाहत होते. भुरीकडे पाहायचे तसे, घाई न करता.

मी मान हलवली. हो म्हणून.

त्यांचा चेहरा मोकळा झाला. "मी म्हनलंच होतं," ते म्हणाले. गाडी हलली. खिडकीतून त्यांचा हात बराच वेळ बाहेर होता.

पाकीट या क्षणी माझ्यासमोर आहे. सोबत लॉगबुकातून फाडलेलं पान आहे, अठ्ठावीसपासून पुढचं सगळं, माझ्या चांगल्या अक्षरात. त्या मिनिटात गज धरून जे म्हणायचं होतं ते एवढंच होतं: कापगतेजी, कागद कोणी दाबला नाही. तो माझ्याच घरात आहे. तुमच्या हाताची काही चूक नव्हती, आणि हे मला तेव्हाही माहीत होतं. मला माफ करा.